रणांगणातलं धैर्य, भाग ७ : आधी जखमी, मग शत्रू

जुहूच्या एका वाचक भगिनींनी मागचा भाग वाचून विचारलं आहे : समोरून गोळ्या येत असताना जवान पुढे जातो तो कशाच्या बळावर? रागाच्या, की हुकमाच्या? शिपाई नामदेव जाधव यांच्या एका संध्याकाळीत मला याचं उत्तर दिसतं. ते संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, जन्म १९२१ सालचा.

तारीख ९ एप्रिल १९४५, जागा इटलीतली सेनिओ नदी. पात्र जेमतेम १५ फूट रुंद, पाणी चार-पाच फूट खोल. पण दोन्ही काठांना पुराचे उभे बांध होते, ३० ते ३५ फूट उंच, म्हणजे जुहूतल्या जुन्या तीन मजली इमारतीएवढे. जर्मनांनी ते पोखरून आत खंदक आणि मोर्चे केले होते. भारतीय पलटणी पूर्वेकडून येत होत्या. खरी मेख अशी, की अलीकडच्या, पूर्वेच्या बांधाच्या नदीकडील उतारावरही शत्रू दबा धरून होता, आणि तिथेच सुरुंगही पेरलेले होते. बांध ओलांडून पाण्यात उतरलेल्यांच्या पाठीत गोळ्या घालता याव्यात, अशीच ती रचना होती.

पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत जाधव कंपनीचे रनर होते. रनर म्हणजे लढाई चालू असताना कमांडरचे निरोप पोचवणारा शिपाई. म्हणून तो कमांडरच्या जवळच असतो. नदी पार करून कमांडरसोबतची तुकडी पश्चिम काठावर येते न येते तोच मागच्या बांधातून किमान तीन मोर्च्यांनी मारा सुरू केला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकीचे ठार झाले. सुखरूप राहिले एकटे जाधव.

हुकूम देणाराच जखमी होता. जाधवांनी एका जखमी जवानाला उचललं, खोल पाण्यातून, मग उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे आपल्या माणसांत नेऊन ठेवलं. आणि ते परत आले. दुसऱ्यालाही तसंच नेलं. दोन्ही खेपांना तोफगोळे आणि मशीनगनचा मारा चालूच होता.

तिसऱ्यांदा बांध ओलांडला तो मात्र शत्रूसाठी. पहिला मोर्चा त्यांनी टॉमी गनने गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन मोर्चे उडवले. मधे बॉम्ब संपले, तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन मागच्या साथीदारांकडून नवे आणले. शेवटी भडिमारातच बांधावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत त्यांनी उरलेल्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं.

मेलेल्या सोबत्यांचा बदला घ्यायचा त्यांचा निर्धार होता, हे त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रातच नमूद आहे. म्हणजे राग होताच. पण जखमी सुरक्षित पोचेपर्यंत त्यांनी तो थोपवून धरला. मला त्यांचं सर्वांत मोठं शौर्य दुसऱ्या खेपेत दिसतं : एकदा सुखरूप जागी पोचल्यावर, पुढे काय आहे ते पुरतं ठाऊक असताना, पुन्हा त्या पाण्यात उतरण्यात.

त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. जाधव युद्धातून जिवंत परतले. त्यांचं निधन १९८४ साली झालं.

पुढच्या आठवड्यात रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर आहे.