मातीखालची प्रजा : खान्देशातील वाळवी

वाळवी हा जमिनीखाली मोठ्या वसाहती करून राहणारा कीटक आहे. खान्देशात तिला उधई असेही म्हणतात. तापीकाठची काळी जमीन, भुसावळ, यावल आणि रावेरचा बागायती पट्टा, उत्तरेकडचे सातपुड्याचे पानझडी जंगल, या सगळ्या मुलखात तिचा वावर आहे. दाराची चौकट, कपाटाची फळी किंवा जुनी वहीखाती पोखरणारी म्हणूनच बहुतेकांना ती ठाऊक असते. तिचे खरे आयुष्य मात्र मातीखाली चालते. तिथे कामाची वाटणी आहे, पहारा आहे, पिलांचे संगोपन आहे, शेती आहे आणि हवा खेळती ठेवणारे घरही आहे.

कूळ

वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याची पद्धत आहे, पण मुंगीशी तिचे जवळचे नाते नाही. मुंगी ही मधमाशी आणि गांधीलमाशीच्या कुळातली. वाळवी झुरळाच्या कुळातली. २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून हे नाते पक्के झाले आणि वाळवीचा स्वतंत्र गण झुरळांच्या गणात सामावला गेला. मुंगीचे पिलू अळी आणि कोष या अवस्थांतून जाते. वाळवीचे पिलू अंड्यातून बाहेर पडते तेच मोठ्यांच्या लहान प्रतिकृतीसारखे दिसते आणि कात टाकत टाकत वाढते. मुंग्यांच्या वारुळात कामकरी फक्त माद्या असतात, तर वाळवीच्या कामकऱ्यांत नर आणि माद्या दोन्ही असतात. मुंग्यांचा नर मीलनानंतर लवकरच मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीजवळ वर्षानुवर्षे राहतो.

जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. महाराष्ट्रात शेतात आणि रानात सर्रास आढळणाऱ्या दोन जाती म्हणजे ओडोंटोटर्मिस ओबेसस आणि मायक्रोटर्मिस ओबेसी. पहिली जमिनीवर उंच, खाचाखाचांची वारुळे बांधते. दुसरी आकाराने बारीक असते. ती वारूळ बांधत नाही. मातीत विखुरलेल्या लहान लहान कोठड्यांत तिची वसाहत पसरलेली असते.

वसाहतीची रचना

वसाहतीच्या मध्यभागी जाड भिंतींच्या खोलीत राजा आणि राणी राहतात. राणीचे पोट अंड्यांनी फुगून काही सेंटिमीटर लांब होते. तिला जागचे हलता येत नाही, पण ती दिवसाला हजारो अंडी घालते. कामकरी तिला भरवतात, चाटून स्वच्छ ठेवतात आणि अंडी उचलून पिलांच्या कोठड्यांत नेतात.

कामकऱ्यांची संख्या सर्वांत मोठी. ते आंधळे असतात आणि त्यांची कातडी इतकी पातळ असते की कोरड्या हवेत थोड्याच वेळात त्यांच्या अंगातला ओलावा उडून जातो. म्हणून जमिनीबाहेर पडायचे झाले तर ते माती आणि लाळ यांचे आच्छादन बांधतात आणि त्याच्या आतून चालतात. भिंतीवर किंवा झाडाच्या खोडावर दिसणाऱ्या मातीच्या नळ्या म्हणजे त्यांचे रस्तेच. पोटाखालच्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या गंधाने ते वाट आखून ठेवतात आणि मागून येणारे त्या वासावर चालत राहतात.

सैनिकांचे डोके मोठे आणि जबडे धारदार असतात. वारुळाला भगदाड पडले की ते तिथे धावतात, डोके जमिनीवर आपटून इशारा देतात आणि मुंग्यांना जबड्यात पकडतात. तोवर कामकरी भगदाड बुजवून घेतात. या जबड्यांनी सैनिकाला स्वतःचे अन्न चावता येत नाही. त्यालाही कामकरीच भरवतात. राणीला चालता येत नाही, सैनिकाला खाता येत नाही, कामकऱ्याला वंश वाढवता येत नाही. यातला कोणताही जीव एकटा टिकत नाही. म्हणूनच वाळवीकडे सुटा कीटक म्हणून पाहिले तर तिचे फारसे काही कळत नाही. वसाहत हाच एक सबंध प्राणी मानावा लागतो.

बुरशीची शेती

लाकूड आणि पालापाचोळा यांतले सेल्युलोज आणि लिग्निन पचवणे बहुतेक प्राण्यांना जमत नाही. वाळवीच्या काही गटांत हे काम आतड्यातले एकपेशीय जीव करतात. खान्देशातल्या वर सांगितलेल्या दोन्ही जाती त्यासाठी बुरशी पिकवतात. टर्मिटोमायसिस नावाची ही बुरशी वाळवीच्या वस्तीतच वाढते.

कामकरी वाळलेले गवत, काड्या आणि लाकडाचा चुरा खाऊन आणतात. तो त्यांच्या पोटातून भराभर बाहेर पडतो आणि त्याबरोबर बुरशीची बीजेही येतात. या विष्ठेचे ते सुरकुतलेले, भोकाभोकांचे पोळे रचतात. त्यावर बुरशी वाढते, कठीण तंतू फोडते आणि मऊ, नत्रयुक्त अन्न तयार करते. पोळ्यावर उगवणारे पांढरे मणी तरुण कामकरी खातात, तर जुने झालेले पोळे वयस्क कामकऱ्यांच्या वाट्याला येते. पोळ्यांची निगा सतत राखली जाते. वाळवी निघून गेली की काही दिवसांतच दुसरी तणबुरशी तिथे माजते.

ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली. भारतातल्या वाळवीच्या या बागांचे वर्णन योहान गेऱ्हार्ड कोनिग या निसर्गशास्त्रज्ञाने तंजावरच्या मुलखात केलेल्या निरीक्षणांवरून १७७९ साली प्रसिद्ध केले. पावसाळ्यात वारुळाभोवती उगवणारी चविष्ट अळंबी म्हणजे याच बुरशीची छत्री. माणसाला तिची लागवड अजून साधलेली नाही.

घर आणि हवा

भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बुरशीला मात्र ३० अंशांच्या आसपासचे तापमान आणि दमट हवा लागते. शिवाय लाखो कीटक आणि बुरशी मिळून कर्बवायू सोडत असतात, तो बाहेर जायला हवा. वारुळाला बाहेरून उघडी भोके तर नसतात.

हे कसे साधते, याचा उलगडा बंगळुरूतल्या ओडोंटोटर्मिस ओबेससच्या वारुळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून झाला. वारुळाच्या मध्यभागी धुराड्यासारखी उभी पोकळी असते आणि कडेच्या खाचांमध्ये बारीक वाहिन्या असतात. दिवसा उन्हाने कडा तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कडा निवतात आणि प्रवाह उलटा होतो. आत साठलेला कर्बवायू रात्री सच्छिद्र भिंतींतून बाहेर झिरपतो. दिवसरात्रीच्या तापमानातला फरक हेच या घराचे इंधन आहे.

भिंतींसाठी कामकरी ओल्या मातीच्या गोळ्या करतात आणि त्यात लाळ मिसळून त्या एकावर एक दाबतात. अशी माती आजूबाजूच्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट बनते आणि पावसाळ्यातही ढासळत नाही.

नव्या वसाहतीचा जन्म

पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाल्या वाळव्यांचे थवे जमतात. वसाहतीने वाढवलेले हे भावी राजे आणि राण्या असतात. थोडे अंतर उडून ते जमिनीवर उतरतात, पंख गाळतात, जोड्या जुळवतात आणि भिजून मऊ झालेल्या मातीत शिरतात. त्यांतले बहुतेक त्याच रात्री पाली, बेडूक, पाखरे आणि मुंग्या यांच्या तोंडी पडतात. टिकलेली जोडी पहिली पिले स्वतः वाढवते. मायक्रोटर्मिसची भावी राणी बुरशीचे बी पोटातून बरोबर नेते. ओडोंटोटर्मिसच्या नव्या वसाहतीला ते जमिनीवर उगवलेल्या अळंबीच्या बीजांतून गोळा करावे लागते.

निसर्गातले स्थान

वाळवी मुख्यतः मेलेल्या वनस्पतींवर जगते. सातपुड्यातल्या साग, सालई आणि अंजनच्या कोरड्या रानात उन्हाळ्यात ओलावा नसल्याने पालापाचोळा कुजत नाही. तो फोडून मातीत परत नेण्याचे काम तिथे वाळवी करते. २०२२ साली सहा खंडांतल्या निरीक्षणांवरून असे दिसले की तापमान १० अंशांनी वाढले की वाळवीमुळे होणारे लाकडाचे विघटन ६.८ पटींहून अधिक वाढते. उष्ण प्रदेशात तिचे महत्त्व त्यामुळे आणखी मोठे ठरते.

तिच्या बोगद्यांतून पावसाचे पाणी खोल मुरते आणि खालची चिकणमाती वर येते. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजल शोधण्याच्या खुणांमध्ये वारुळाचा उल्लेख केला आहे, म्हणजे वारूळ आणि ओलावा यांचे नाते दीड हजार वर्षांपूर्वीही लोकांच्या नजरेत होते. वाळवीवर जगणारेही पुष्कळ आहेत. यावल अभयारण्यातली अस्वले नख्यांनी वारूळ फोडतात आणि वरच्या पुढच्या दातांमधल्या फटीतून वाळवी ओढून घेतात. खवल्या मांजराचे तर मुंग्या आणि वाळवी हेच मुख्य अन्न. घोरपड वारुळात अंडी घालते, आणि सोडून दिलेल्या वारुळात नाग राहतो.

शेती आणि घर

ओलावा संपून मेलेले अन्न मिळेनासे झाले की वाळवी उभ्या पिकाकडे वळते. कोरडवाहू गहू, हरभरा, मका, कापूस आणि उसाचे बेणे यांना ती मुळाशी खाते. रोप पिवळे पडून सहज उपटून येते. अर्धवट कुजलेले शेणखत आणि शेतात पडून राहिलेल्या पऱ्हाट्या तिला बोलावणे धाडतात. पूर्ण कुजलेले खत, वेळेवर पाणी, निंबोळी पेंड आणि मेटारायझियम ही कीटकांना मारणारी बुरशी यांनी नुकसान आटोक्यात राहते. पूर्वी सरसकट वापरली जाणारी अल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर ही औषधे मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि अन्नसाखळीत शिरतात. २००१ च्या स्टॉकहोम कराराने ती निर्बंधाखाली आली.

घरात ओल राहू न देणे, लाकूड थेट मातीला टेकू न देणे आणि भिंतीवरची नळी दिसताच तिचा उगम शोधणे हे उपाय नेहमीच कामाचे. सागाच्या जुन्या, पक्व गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, कच्च्या लाकडाला मात्र ती पटकन लागते. पीक आणि घर यांचे रक्षण करणे योग्यच आहे. पण बांधावरचे आणि रानातले वारूळ निष्कारण फोडले की जमिनीचा कस राखणारी आणि पाणी मुरवणारी एक सबंध व्यवस्था नष्ट होते. खान्देशासारख्या उष्ण, कमी पावसाच्या मुलखाला ते नुकसान परवडणारे नाही.