जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर जास्त का दिसतं?

मुलांना हा प्रयोग दाखवा. नळाच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की आतला दाब वाढतो, पण पाणी कमी येतं. इंजिनातही तसंच आहे. काटा वर म्हणजे तेल भरपूर पोहोचतंय, असं नाही.

सकाळी थंड तेल घट्ट असतं, म्हणून काटा चढतो. इंजिन तापलं की उतरतो. तापल्यावरही वरच राहिला, तर तेल चुकीच्या ग्रेडचं, रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला, तेलाची वाट गाळाने तुंबलेली किंवा सेन्सर बिघडलेला असू शकतो. आधी मेकॅनिककडून दुसरा गेज लावून खरा दाब मोजून घ्या. वाट तुंबली असेल, तर काटा वर असूनही बेअरिंग कोरडी पडते आणि इंजिन जाम होतं. मुलांची ने-आण करणारी गाडी जुनी असेल, तर पालकांनी चालकाला हे जरूर विचारावं.