आकाश की जमीन : पसंतीक्रम भरण्याआधी

लेखमाला : गणवेशाकडे जाणाऱ्या वाटा – भाग ६

एनडीएच्या अर्जात पसंतीक्रमाचा एक रकाना असतो. भूदल, नौदल, हवाई दल. आणि हवाई दलात पुन्हा तीन पोटभाग : फ्लाइंग, ग्राउंड ड्यूटी टेक्निकल, ग्राउंड ड्यूटी नॉन-टेक्निकल. अर्ज भरायला बसलेला सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी हा रकाना बहुधा दोन मिनिटांत उरकते. पहिल्या क्रमांकावर फ्लाइंग, बाकीचे जमेल तसे खाली. फोटोचा आकार आणि सहीची फाइल यांवर याहून जास्त वेळ जातो.

२०२४ च्या जाहिरातीत एनडीएच्या ३७० जागांपैकी २०८ भूदलाच्या, ४२ नौदलाच्या आणि १२० हवाई दलाच्या होत्या. त्या १२० पैकी ९२ फ्लाइंगच्या, १८ टेक्निकलच्या, १० नॉन-टेक्निकलच्या. म्हणजे बारावीनंतर हवाई दलात जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उडावे, अशीच अपेक्षा असते. पदवीनंतरच्या वाटेवर, म्हणजे एएफकॅटमध्ये, ग्राउंड ड्यूटीच्या शाखा खूपच अधिक दिसतात. एकच उमेदवार वयाच्या सतराव्या आणि बाविसाव्या वर्षी दोन वेगळ्या बाजारांत उभा असतो आणि हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मागील भागात एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचे पाच दिवस पाहिले. या भागात त्यांच्या अलीकडचा आणि पलीकडचा प्रश्न आहे : उडायचे, की जमिनीवरून काम करायचे? आणि तो सोडवताना कोणत्या गोष्टी आधी तपासायच्या?

शरीर काय म्हणते

पहिली गोष्ट हौसेच्या हाती नाही. हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते, पण नुसती उंची मोजून भागत नाही. बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर. वैद्यकीय तपासणीत उमेदवाराला भिंतीला पाठ टेकवून बसवतात, पाय सरळ करायला सांगतात आणि मोजपट्टी लावतात. गावाकडून आलेल्या अनेक मुलांना ही मापे तिथेच पहिल्यांदा कळतात.

या मापांमागे कॉकपिटची रचना आहे. पाय आखूड असतील तर रडरचे पेडल पूर्ण दाबता येत नाही. मांडी फार लांब असेल तर आणीबाणीत इजेक्शन सीट वर उडताना गुडघे समोरच्या चौकटीवर आपटतात. बसल्यावर डोके छताला लागत असेल तर हेल्मेटला जागा उरत नाही. डॉक्टरशी हुज्जत घालून यातले काहीही बदलत नाही.

डोळ्यांचेही तसेच. फ्लाइंगसाठी एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ पर्यंत चालते, पण लांबचे दिसण्यासाठी कायम चष्मा वापरणाऱ्याला या शाखेचे दार बंद असते. रंगांची ओळख चोख हवी. ग्राउंड ड्यूटीत ठरावीक मर्यादेपर्यंत चष्मा चालतो. दहावीत मोबाईलवर रात्र-रात्र घालवून नंबर लागलेला मुलगा बारावीत फ्लाइंगचे स्वप्न सांगतो, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून नववी-दहावीतच जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टीसह पूर्ण तपासणी करून घ्यावी. खर्च फार नसतो आणि पुढच्या सात-आठ वर्षांचा आराखडा त्यावर ठरतो.

विषयांची निवडही याच काळात होते. हवाई दलाच्या एनडीए प्रवेशाला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. एएफकॅटमधून फ्लाइंगला जायचे तर पदवी कोणतीही चालेल, पण बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र हवेच. अकरावीत गणित सोडले की उड्डाणाची वाट सोडली, इतका हा हिशेब रोखठोक आहे. वयाचेही भान हवे : एएफकॅटमध्ये फ्लाइंगसाठी २० ते २४, ग्राउंड ड्यूटीसाठी २० ते २६. व्यावसायिक पायलटचा परवाना असेल तर फ्लाइंगची मर्यादा २६ पर्यंत जाते.

आयुष्यात एकदाच

उमेदवार हवाई दलाच्या निवड मंडळापुढे, म्हणजे डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर किंवा वाराणसीला जातो. मुलाखत, गटकार्य, मानसशास्त्रीय चाचण्या पार पडल्यावर फ्लाइंगसाठी शिफारस झालेल्यांसमोर आणखी एक चाचणी येते : कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम, म्हणजे सीपीएसएस. पूर्वी तिच्या जागी पीएबीटी होती आणि जुने अधिकारी अजूनही तेच नाव घेतात.

पडद्यावर विमानाच्या पॅनेलवरचे डायल दिसतात. उंची सांगणारा अल्टिमीटर, हवेतील वेग, होकायंत्र, चढ-उताराचा वेग, वळण आणि कृत्रिम क्षितिज. हे सगळे एका नजरेत वाचून विमान या क्षणी काय करते आहे, हे काही सेकंदांत ओळखायचे : चढत डावीकडे वळते आहे, की उतरत उजवीकडे? दुसऱ्या भागात हाताने स्टिक आणि पायांनी पेडल हलवून पडद्यावरचा सरकता बिंदू चौकटीत ठेवायचा. तेवढ्यात दिवे लागतात, भोंगा वाजतो आणि तेही डाव्या हाताने बंद करायचे. बिंदू मात्र निसटता कामा नये.

ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेला उमेदवार पुन्हा कितीही वेळा एसएसबी पार करो, फ्लाइंग शाखा त्याला मिळत नाही. इतर शाखांसाठी तो पात्र राहतो. त्यामुळे रात्रीचा रेल्वेप्रवास, झोप नाही, ताप अंगात आहे, अशा अवस्थेत या चाचणीला बसणे म्हणजे एकमेव संधी वाया घालवणे.

अमेरिकेच्या मरीन कोरमध्ये ही व्यवस्था वेगळी आहे. तिथे अधिकारी होऊ पाहणारा तरुण प्रशिक्षणाआधीच ‘एअर’ किंवा ‘ग्राउंड’ करार निवडतो आणि पायलट होण्यासाठीची चाचणी आयुष्यात तीनदा देऊ शकतो. पण निवड कोणतीही असो, नवे मरीन अधिकारी क्वांटिको येथील ‘द बेसिक स्कूल’मध्ये सुमारे सहा महिने एकत्र शिकतात, पायदळाच्या तुकडीचे नेतृत्व कसे करायचे हेच शिकतात. पुढे उडणाऱ्याला जमिनीवरचा सैनिक काय मागतो हे कळावे, हा त्यामागचा हेतू आहे.

पहिली पाच वर्षे

शरीर आणि चाचणी दोन्ही अनुकूल असतील, तेव्हा खरा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधायला दोन तरुण अधिकाऱ्यांची पहिली पाच वर्षे शेजारी ठेवून पाहावीत.

डेहराडूनच्या अकादमीतून पायदळात गेलेला लेफ्टनंट बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तीसेक जवानांच्या प्लाटूनचा प्रमुख होतो. त्यातल्या सुभेदाराची नोकरी त्याच्या वयाइतकी झालेली असते. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची रजा अडली आहे, गस्तीवर कुणाला पुढे ठेवायचे, हे प्रश्न पहिल्या आठवड्यापासून त्याच्या पुढ्यात येतात. माणसे सांभाळणे हेच त्याचे काम असते आणि तो ते चुकत-शिकत करतो.

हैदराबादजवळच्या दुंडिगलमधून बाहेर पडलेला फ्लाइंग ऑफिसर त्याच वयात वेगळ्या जगात असतो. पिलाटस पीसी-७ वर सुरुवात, मग फायटर, ट्रान्सपोर्ट किंवा हेलिकॉप्टर अशा तीन प्रवाहांत विभागणी. फायटरकडे गेलेला बिदरला हॉक विमानावर शिकतो. स्क्वाड्रनमध्ये पोहोचल्यावरही तो बराच काळ विद्यार्थीच असतो. सकाळी हवामानाचे ब्रीफिंग, सॉर्टीची आखणी, तासाभराचे उड्डाण आणि त्यानंतर अनेकदा उड्डाणापेक्षा लांब चालणारे डीब्रीफिंग. कोणत्या सेकंदाला वेग घटला, वळण कुठे सैल पडले, हे सगळ्यांसमोर फळ्यावर मांडले जाते. त्याच्या हाताखाली तेव्हा फारशी माणसे नसतात. स्वतःचे कौशल्य तासून घेणे हीच त्या वर्षांतली मुख्य जबाबदारी असते.

इथे उमेदवाराने स्वतःला विचारावे : रोज आपल्या चुकांची जाहीर चिरफाड सोसत एका कौशल्यात वर्षानुवर्षे पारंगत होत जाणे आपल्याला भावते का? की माणसांच्या गराड्यात, त्यांच्या भांडणांत आणि आनंदात उभे राहून निर्णय घेणे? शाळेच्या संघातला कर्णधार आणि रोज पहाटे एकटा सराव करणारा जलतरणपटू यांच्या वृत्तीत जो फरक असतो, तोच इथे कामाचा. दोन्ही वृत्ती सैन्याला लागतात.

‘ग्राउंड’मध्ये काय काय येते

ग्राउंड ड्यूटी म्हणजे पायलट होता आले नाही म्हणून मिळालेली खुर्ची, हा समज घराघरांत आहे आणि तो दूर व्हायला हवा. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी विमाने जम्मू-काश्मीरच्या दिशेने आली, तेव्हा आपल्या वैमानिकांना दिशा आणि इशारे देणाऱ्यांत स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल होत्या. त्या फायटर कंट्रोलर होत्या, रडारच्या पडद्यासमोर. त्या वर्षी त्यांना युद्ध सेवा पदक जाहीर झाले. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्या दिवशी आकाशात कोण कुठे आहे याचे सर्वांत पूर्ण चित्र कॉकपिटमधल्या वैमानिकापेक्षा पडद्यासमोरच्या अधिकाऱ्यांकडे होते.

महाराष्ट्रातच पाहायचे तर नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. तिथे सुखोई-३० सारखी विमाने उघडून, तपासून पुन्हा उडण्याजोगी केली जातात. टेक्निकल शाखेचे अधिकारी बंगळुरूच्या जालहळ्ळीत प्रशिक्षण घेतात आणि अशा ठिकाणी काम करतात. त्यांच्या सहीशिवाय विमान धावपट्टीवर येत नाही. नागपूरच्या मेंटेनन्स कमांडच्या प्रमुखपदी अलीकडे इंजिनिअरिंगच्या शाखेतून आलेले एअर मार्शलही बसले आहेत.

आणि ही सीमारेषाच आता सरकते आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी चंडीगडच्या हवाई दल दिनी तेव्हाचे हवाई दल प्रमुख, नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्याचे एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनी वेपन सिस्टिम्स या नव्या शाखेची घोषणा केली. तिच्यात चार प्रवाह आहेत : दोन आसनी विमानांतील शस्त्रप्रणाली, मानवरहित विमाने, क्षेपणास्त्रे आणि गुप्तवार्ता. उड्डाण प्रशिक्षणाच्या खर्चात यामुळे ३,४०० कोटींहून अधिक रुपयांची बचत होईल, असे त्यांनी सांगितले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूत एअर चीफ मार्शल एल. एम. कात्रे स्मृती व्याख्यानात हवाई दल प्रमुख अमर प्रीत सिंग यांनी ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान जमिनीवरच्या क्षेपणास्त्र यंत्रणेने पाडल्याचे सांगितले. ते मोठे विमान सुमारे ३०० किलोमीटरवर होते. ट्रिगरवरचे बोट जमिनीवरच होते.

वाट बदलता येते का?

काही प्रमाणात. भूदलाच्या आर्मी एव्हिएशन कोरमध्ये परंपरेने इतर शाखांतले अधिकारी स्वेच्छेने येत आले आहेत. कॅप्टन अभिलाषा बराक २०१८ मध्ये आर्मी एअर डिफेन्समध्ये दाखल झाल्या. तेव्हा एव्हिएशन कोरमध्ये महिलांना फक्त जमिनीवरची कामे मिळत. २०२१ मध्ये दार उघडले, तेव्हा पंधरा महिला अधिकारी पुढे आल्या. पायलट अभियोग्यता चाचणी आणि वैद्यकीय तपासणीतून दोघीच निवडल्या गेल्या. २५ मे २०२२ रोजी नाशिकच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये बराक यांच्या गणवेशावर विंग्ज लागल्या, आणि त्या भूदलाच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या.

उलट दिशेने येणे अधिक सोपे. उड्डाण प्रशिक्षणात अपेक्षित दर्जा न गाठणाऱ्या कॅडेटला जागा असल्यास ग्राउंड ड्यूटीत सामावून घेतले जाते. जमिनीवरून आकाशात जाताना मात्र वय, डोळे आणि ती एकदाचीच चाचणी आड येतात.

पुढच्या बढत्यांचाही विचार आताच करावा. आजवरचे सगळे हवाई दल प्रमुख फ्लाइंग शाखेचे होते. त्यातही फली होमी मेजर हे २००७ मध्ये प्रमुख झालेले पहिले हेलिकॉप्टर पायलट. भूदलात २०२२ मध्ये नागपूरचे जनरल मनोज पांडे इंजिनिअर्सच्या शाखेतून आलेले पहिले लष्करप्रमुख झाले. कमिशनची मुदतही वेगळी : शॉर्ट सर्व्हिसमधून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कमिशनवर, फ्लाइंगला गेल्यास १४ वर्षे, ग्राउंड ड्यूटीत १० वर्षे आणि पुढे ४ वर्षांची वाढ. पेन्शनला २० वर्षे लागतात, त्यामुळे शॉर्ट सर्व्हिसमधून बाहेर पडणाऱ्याला ती मिळत नाही. पायलटला नागरी विमानसेवेचा रस्ता दिसतो, पण त्यासाठीही परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. टेक्निकल अधिकाऱ्याच्या हाती इंजिनिअरिंगची पदवी आणि अनुभव असतो.

हा क्रम लावायचा कसा? दहावीला डोळे आणि पायाची मापे. अकरावीला गणित आणि भौतिकशास्त्र. बारावीत एनडीए, त्यात फ्लाइंगबरोबर खरोखर आवडेल अशीच दुसरी शाखा लिहायची. हुकले तर पदवीच्या शेवटच्या वर्षापासून एएफकॅट आणि सीडीएस या प्रवेशपरीक्षा. छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) १९७७ पासून चालणारी सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट मुलांना यासाठी विनामूल्य तयार करते. नाशिकला मुलींसाठीही तशीच संस्था सुरू झाली आहे. दोन्हींचे प्रवेश, परीक्षा आणि तिथला दिनक्रम पुढील भागात.