परक्या मोटरचा शिधा

लेगोच्या ठोकळ्यांचा, जत्रेत असतो तसला उभा पाळणा नातवाने व मी मिळून गेल्या दिवाळीत बांधला, आणि तो आपला आपण फिरावा अशी त्याची पुढची फर्माईश निघाली, तेव्हा मूळ डॅनिश मोटरची किंमत ऐकून मी मुकाट्याने पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीची वाट धरली. तिथे एन-ट्वेंटी या नावाने मिळणारी, पितळी दातेरी चाकांची पेटी डोक्यावर वागविणारी, करंगळीच्या दोन पेरांएवढी मोटर मी घेतली: सहा व्होल्टची, मिनिटाला शंभर फेरे करणारी. लेगोच्या राज्यात सर्व अंतरे आठ मिलिमीटरच्या पटीत मोजण्याचा शिरस्ता असल्यामुळे या बारा मिलिमीटर रुंदीच्या पाहुणीला कोणत्याच चौकटीत धड जागा मिळेना. अखेर सायकलच्या ट्यूबची पट्टी भोवती गुंडाळून तिला दोन तुळयांमध्ये दाटीने बसविली.

खरी परीक्षा पुढेच होती. सहा व्होल्टच्या मोटरला नऊ व्होल्ट थोडे चढतील, पण मिळतील ते पुरून उरतील, अशा हिशेबाने मी एक चौकोनी बॅटरी जोडली. सुटी मोटर भिंगरीसारखी फिरली. पाळण्याला जोडताच एकदा कण्हली आणि गप्प झाली. “आजोबा, मोटर फसवी निघाली,” असा निकाल नातवाने तत्काळ दिला. मी मीटर लावून पाहिले, तो मोकळ्या बॅटरीवर नऊ व्होल्ट चोख दिसत होते, आणि पाळण्याचे ओझे पडताच काटा चाराच्या खाली उतरत होता. त्या चौकोनी डबीत सहा चिमुकले घट एकास एक जोडलेले असतात, आणि लेगोच्या जुन्या बॅटरी-पेटीतही पेन्सिल सेलचे सहाच घट बसतात. दोहोंवर छापलेला आकडा नऊच, परंतु चिमुकल्या घटांच्या अंगचा अवरोध एवढा मोठा, की मोटरने जरा जास्त प्रवाह मागितला की बराचसा दाब त्यांच्या पोटातच खर्ची पडतो. मोटर निर्दोष होती. खजिना रिकामा नसतानाही फेड करू न शकणाऱ्या सावकाराशी मी तिची गाठ घातली होती.

मग जुनी पेटी बाहेर काढली. ‘पॉवर फंक्शन्स’ या नावाने २००७ साली आलेल्या त्या व्यवस्थेत एक सोय अशी, की तिच्या चपट्या केबलीत चार तारा शेजारी शेजारी धावतात आणि मोटरकडून ओळखीचा दाखला कोणी मागत नाही. तिच्या मागून आलेल्या व्यवस्थेत तारा सहा झाल्या व त्यांतील दोन केवळ मोटरची ओळख पटविण्याच्या कामी मुक्रर झाल्या. मी एक जोडकेबल मधोमध कापली. चारही तारांचे वेष्टन एकाच रंगाचे, तेव्हा काठावरून मोजत जाण्यावाचून इलाज नव्हता. प्रथम मी बाहेरच्या दोन तारांना डाख दिला; पाळणा फिरला खरा, पण पेटीवरची दांडी डावीकडे लोटा वा उजवीकडे, तो एकाच दिशेने फिरे. कारण बाहेरची जोडी नुसता पुरवठा वाहते. दिशा बदलण्याचा अधिकार मधल्या जोडीकडे असतो. डाख उकलून तारा मध्ये आणल्यावर दांडीला अर्थ आला. पेटीत नव्या सेलांऐवजी पुन्हा भरता येणारे घातले, प्रत्येकी १.२ व्होल्टच्या हिशेबाने सव्वासात व्होल्टांच्या आसपास दाब झाला, आणि मोटरचा आरडाओरडा मवाळ झाला.

दुसऱ्याच दिवशी एक पाळणी खांबाला अडकली. मी शेजारच्या खोलीत होतो. आलो तो मोटरीला हात लाववेना. मीटर मालिकेत जोडून पाहिले: मोकळी फिरताना जेमतेम पन्नास मिलिअँपिअर, चक्र बोटाने रोखताच सातशेच्या पुढे. फिरणारी मोटर स्वतःच एक लहानसे जनित्र असते आणि उलट दाब निर्माण करून येणाऱ्या प्रवाहाला अडविते. ती थांबली की हा अडसर नाहीसा होतो, उरतो केवळ तारेच्या वेटोळ्याचा अवरोध, आणि सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. पेटीत रक्षक फ्यूज आहे, पण तो पेटीच्या चाकरीत. एवढ्याशा मोटरीचे जळणे त्याच्या खिजगणतीत नाही.

उपाय ठोकळ्यांच्या डब्यातच निघाला. लेगोचे एक पांढरे चोवीस दात्यांचे चाक असते, ज्याच्या अंगावर २.५ व ५ न्यूटन-सेंटिमीटर असे आकडे कोरलेले असतात. पीळ त्या मर्यादेबाहेर गेला की बाहेरचे कडे फिरत राहते आणि आतला आस स्वस्थ राहतो. ते मध्ये घातल्यापासून पाळणा अडकला तरी मोटर फिरतच राहते आणि चाकातून नुसता टक्‌टक्‌ असा आवाज येतो. तो आवाज नातवाला इतका आवडला आहे, की हल्ली तो सगळी माणसे मुद्दाम एकाच बाजूच्या पाळण्यांत कोंबतो आणि चक्र वर चढताना कान लावून बसतो.