लाकूड उलटं वळतं तेव्हा

लाकडी रोलर कोस्टरची मजा त्याच्या खडखडाटात. फळ्यांच्या थरांचा रूळ, वर पोलादाची पातळ पट्टी; गाडी धावली की सांगाडा किंचित हलतो. तो हलावा अशीच रचना असते.

अमेरिकेत मिसुरीतल्या सिल्व्हर डॉलर सिटीचा लाकडी ‘आउटलॉ रन’ माणसांना तीनदा उलटं करणार, हे कळल्यावर शौकीन हरखले, पण धास्तावलेही. ओहायोतल्या ‘सन ऑफ बीस्ट’ची आठवण ताजी होती. २००० साली सुरू झालेला हा २१८ फुटी कोस्टर उलटा फेरा घ्यायचा, तोही पोलादी आधारावर. २००६ मध्ये त्याचं लाकूड तडकलं, गाडीला हिसका बसून लोक जखमी झाले. २०१२ मध्ये तो पाडला.

‘आउटलॉ रन’साठी रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शनने पट्टीऐवजी रुळाची पूर्ण रुंदी झाकणारी पोलादी टोपी बसवली. चाकांचा मार टोपी झेलते, रूळ पीळ घेतो. मग हा लाकडी कसला, असं काहींनी विचारलं. बैलगाडीच्या चाकालाही लोखंडी धाव असते. त्याला लोखंडी चाक कोण म्हणतं?

२०१३ च्या मार्चमध्ये ‘आउटलॉ रन’ सुरू झाला: १६२ फुटांची, जवळजवळ उभी उडी, वेग ताशी सुमारे १०९ किलोमीटर.