ई-मेलचे शिक्कामोर्तब
बारामती-इंदापूरकडील ऊसउत्पादकास आज बँकेचे पत्र ई-मेलने येते. ते बँकेचेच कशावरून? जुन्या राजपत्रांत आरंभी शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. पुढे मजकूर वाढविण्यास त्याने आळा बसे. ई-मेलवर प्रेषकाचे नाव कोणासही घालता येते. म्हणून डोमेनधारक तीन नोंदी जाहीर करतो. ‘एसपीएफ’ अधिकृत सर्व्हर सांगते, ‘डीकेआयएम’च्या किल्लीने स्वाक्षरी पडताळून मजकूर अविकृत असल्याचे कळते, दर्शनी प्रेषकाशी यांपैकी एकही न जुळल्यास पत्राचे काय करावे, हे ‘डीमार्क’ ठरविते. तथापि या नोंदी डोमेनची साक्ष देतात, सचोटीची नव्हे. एका अक्षराने भिन्न असलेल्या बनावट डोमेनलाही त्या निर्दोष असू शकतात. यास्तव नावावर न विसंबता डोमेन अक्षरशः वाचणे अगत्याचे होय.