दाराआडची चिऊ, गुडघ्याखालचा ससा

चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं ही गोष्ट आजीची, असंच आपण धरून चालतो. ती लीळाचरित्र या महानुभाव पंथाच्या ग्रंथात आहे हे कळलं, तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितली, म्हाइंभटांनी नोंदवली. तिथे चिमणीच्या जागी साळई आहे. पुढे महानुभावांच्या पोथ्या सकळ-सुंदरी या सांकेतिक लिप्यांत बंद झाल्या. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उकलेपर्यंत पंथाबाहेर त्या कोणाला वाचता येत नव्हत्या. गोष्ट मात्र चुलीपाशी चालूच राहिली.

काऊ पावसात दार वाजवतो. थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, तीट लावते. चिऊ आवाज चढवत नाही, एकदाही ‘नाही’ म्हणत नाही. काऊ भिजत राहतो. काही घरांतल्या गोष्टीत शेवटी ती दार उघडते आणि ऊब घ्यायला त्याला तापल्या तव्यावर बसवते. एवढं गोड बोलून चटका! तिला मवाळ म्हणायला माझं मन घेत नाही. पण कावळा पिल्लं पळवतो, हेही खरंच. त्याला ढकलून लावण्याची ताकद चिमणीत कुठली? गोड बोलणं हेच तिचं हत्यार.

पावसात आसरा देण्याचा हा विषय आमच्या भंडाऱ्यात आणखी मागे जातो. नीळभट भांडारेकार हा स्वामींचा सुरुवातीचा अनुयायी इथलाच. आणि त्याच्याही हजाराहून जास्त वर्षं आधीचा, याच जिल्ह्यातल्या पवनीचा बौद्ध स्तूप. 1969-70च्या उत्खननात तिथे मुचलिंद नागाचं शिल्प निघालं. बुद्धावर पाऊस कोसळताना ज्याने फणा धरला, तो हा नागराज. शिल्पात बुद्ध नाही, रिकामं आसन आहे, आणि त्यावर फणा. जिवाला ज्याचं भय, त्याचाच आडोसा.

लीळाचरित्रातली सशाची लीळा मला या आडोशाच्या जवळची वाटते. कुत्री मागे लागलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. शिकारी येऊन तो मागतात. स्वामी शस्त्र उचलत नाहीत, शाप देत नाहीत. शरण आलेल्याला मरण कसं द्यायचं, रानात राहून गवत खाणाऱ्याला मारता कशाला, एवढंच विचारतात. शिकारी ऐकतात. मग सशालाही ते ‘महात्मे’ म्हणून निरोप देतात.

पंचतंत्रातला ससा सिंहाला विहिरीत बुडवून सुटतो. मुलं टाळ्या पिटतात, कारण दांडगा मेला. लीळाचरित्रात दांडगे जिवंत राहतात, फक्त त्यांचं मन पालटतं. मला हे जास्त अवघड आणि जास्त मोलाचं वाटतं. आपण सांगताना सशाच्या सुटकेवर भर देतो आणि शिकाऱ्यांचं ऐकणं एका वाक्यात उरकतो. मुलांना ही लीळा सांगते तेव्हा मी तिथेच जास्त रेंगाळते: ते काय म्हणाले असतील, घरी जाऊन काय सांगितलं असेल, रात्री जेवले काय असतील.